हुंकाराचा वाटा

१

शुक्रवारी दुपारची भांडी आवरली की मी कापूस घेऊन वाती वळायला बसते. हा नेम लग्नापासूनचा. सन २००८ च्या पौषात मात्र वाती वळताना शेजारच्या खोलीतून माझ्या लेकीचं संगीत ऐकू यायचं, आणि खरं सांगते, हाताखालच्या वाती त्या दिवसांत जरा जास्तच सरळ व्हायच्या.

संगीत म्हणजे गाणं नव्हे. तेजस्विनी, आमची तेजू, तेव्हा वीस वर्षांची होती. कॉम्प्युटरवर ती असं काही करायची की त्यात ना शब्द, ना ठेका. लांबच लांब सूर, धुक्यासारखे एकात एक मिसळत जाणारे. मध्येच गुरांच्या गळ्यातल्या लाकडी घंटेचा आवाज, मध्येच गवतातून वारा गेल्यासारखं काही. याला अँबियंट म्हणतात, असं तिनं मला शिकवलं होतं. मी तो शब्द वाणसामानाच्या यादीमागे लिहून पाठ केला होता. कुणी विचारलं तर अडायला नको.

वरच्या मजल्यावरच्या लताबाई एकदा विरजण मागायला आल्या आणि दारातच थबकल्या.

"छायाताई, यात गाणं कधी सुरू होतं?"

"अहो, हेच गाणं."

"हेच? मला वाटलं सोसायटीची मोटर बिघडली."

आमच्या ह्यांचंही तेच. "एवढं शिकून पोरीनं फ्रीजचा आवाज काढला," म्हणायचे, पण तेजूचं नाव छापून आलेलं कात्रण त्यांच्याच पाकिटात असायचं. मुंबईच्या एका संस्थेनं सगळ्या राज्यातून अकरा मुलं निवडली होती. नाशिकची एकटी तेजू. फेब्रुवारीत इथेच, कॉलेज रोडवरच्या छोट्या सभागृहात कार्यक्रम होता. बावीस मिनिटं फक्त तिची. स्टेजवर उभं राहून आधी दोन शब्द बोलायचे आणि मग संगीत. संगीताला तिनं नाव दिलं होतं 'हरसूल'.

तिच्या लहानपणीचं डोंगरातलं गाव ते. मी देवापुढे पेढे ठेवले.

२

हरसूलला आम्ही नव्वद ते ब्याण्णव होतो. हे जनावरांच्या दवाखान्यात नोकरीला होते. क्वार्टर दवाखान्याच्या मागे, डोंगराला पाठ लावून. मागच्या खोलीची खिडकी उघडली की आभाळ दिसायचं नाही, उताराचं गवतच दिसायचं. वारा आला की त्याची पाती गजांतून आत यायची.

तेजू साडेतीन वर्षांची झाली तरी एक शब्द बोलत नव्हती. ऐकू यायचं, कळायचं सगळं, हसायचीही, पण बिनआवाजाची. डॉक्टर म्हणाले, वाट पाहा. मी वाट पाहिली आणि सोबत माझ्या आईकडून आलेलं देवीचं व्रतही धरलं. एकवीस शुक्रवार. माझं माहेर मखमलाबादचं, फुलांचे मळे, त्यामुळे व्रताची कहाणीही माळणीची. तिच्या बागेत सगळं फुलतं, पण एक कळी काही केल्या उमलत नाही.

कहाणी सांगताना समोर कुणीतरी लागतं. एकेक वाक्य झालं की त्यानं 'हूं' म्हणायचं. हुंकाराशिवाय सांगितलेली कहाणी वाऱ्यावर जाते, असं आई म्हणायची. आणि हुंकार देणाऱ्याला निम्मं फळ. नैवेद्यातलाही निम्मा वाटा त्याचाच. त्या वाट्यासाठी आम्हा भावंडांत मारामाऱ्या व्हायच्या.

हरसूलला कोण होतं हुंकार द्यायला? दवाखाना झाडणारी साळूबाई एकदा बसली आणि तिसऱ्या वाक्यालाच पदर सावरत उठली.

"बाई, डोंगराकडं तोंड करून गोष्ट नको सांगू. तिथं लय ऐकणारं हाय."

"अगं, देवीची कहाणी आहे. कुणी ऐकली तर चांगलंच की."

"ऐकणाऱ्याचं काय नाय," ती म्हणाली. "मागणाऱ्याचं हाय."

ती गेली ती गेलीच. मग मी मुक्या तेजूलाच मांडीवर घ्यायची, डोळे मिटून सांगायची, आणि हुंकाराच्या जागी क्षणभर थांबायची. नवव्या शुक्रवारी 'आटपाट नगर होतं' म्हटलं, थांबले, आणि अगदी जवळून आलं, "हूं."

डोळे उघडले तर तेजू माझ्याकडे टक लावून पाहत होती. मी तिला छातीशी धरलं. पुढच्या प्रत्येक शुक्रवारी, प्रत्येक वाक्याला हुंकार. बदली होऊन नाशिकला आलो आणि दोन महिन्यांत पोरगी घडाघडा बोलायला लागली.

ही हकिगत मी प्रत्येक हळदीकुंकवात सांगितली आहे. आमच्या तेजूचा पहिला शब्द म्हणजे देवीच्या कहाणीला दिलेला हुंकार. ऐकणाऱ्या बायकांच्या डोळ्यांत पाणी यायचं आणि माझी मान ताठ व्हायची.

३

त्या पौषातल्या पहिल्या शुक्रवारची गोष्ट. तेजू संगीत चालू ठेवून खाली झेरॉक्स काढायला गेली होती. मी वाती वळत होते. आठ-दहा वाती झाल्यावर लक्षात आलं, माझे ओठ हलतायत.

मी कहाणी म्हणत होते. कुणी सांगितलं नव्हतं. त्या संगीतात मध्ये मध्ये सूर विरून जायचे, थोडी जागा रिकामी राहायची, आणि मग खालून एक आवाज यायचा. जाड, दबका, घशातून आल्यासारखा. त्या रिकाम्या जागेत माझं एकेक वाक्य नेमकं बसत होतं. 'तिथे एक माळीण होती.' हूं. 'माळणीची बाग होती.' हूं. लहान वाक्याला लहान जागा, लांब वाक्याला लांब.

मला आधी काय वाटलं सांगू? अभिमान. माझ्या लेकीनं माझी कहाणी अशी जपून ठेवली, शब्द काढून टाकले आणि जागा तेवढ्या राखल्या.

मग मला कापसाचा ठसका लागला. 'एक कळी काही केल्या' एवढं म्हणून मी अडले. खोकले, उठून पाणी प्यायले, परत येऊन बसले. खोलीत काहीच वाजत नव्हतं. वाटलं, वीज गेली. पण देवघरातला बल्ब जळत होता. मी सहज वाक्य पुरं केलं. "उमलेना."

"हूं," आलं आतून.

मी आत जाऊन पाहिलं. खोलीत कुणी नव्हतं. पडद्यावर तेजूच्या संगीताच्या हिरव्या रेघा डोंगरासारख्या वरखाली होत, आपल्या गतीनं पुढे सरकत होत्या.

बावीस मिनिटांचं ते संगीत त्या दिवशी पंचवीस मिनिटं चाललं. मी म्हटलं, भिंतीवरच्या घड्याळाचा सेल उतरला असेल. नवा सेल घातलासुद्धा. सेल उतरला की घड्याळ मागे पडतं, पुढे जात नाही, हे रात्री भाकऱ्या थापताना सुचलं.

४

त्याच आठवड्यात तेजूचा आवाज बसायला लागला.

सर्दी नाही, ताप नाही. आधी वाक्यं तुटक झाली. मग दोन शब्द. मी स्वयंपाकघरातून विचारायचे, "जेवायला वाढू?" आणि आतून यायचं, "हूं." "अजून किती वेळ बसणार आहेस?" "हूं." जुनी सवय असल्यासारखं.

घशाच्या डॉक्टरांनी नळी घालून पाहिलं. "स्वरतंतू ठणठणीत आहेत. गरम पाणी प्या, कमी बोला."

"आणखी किती कमी?" हे म्हणाले. डॉक्टर हसले. आम्ही नाही हसलो.

संक्रांत झाली, रथसप्तमी झाली. कार्यक्रम आठ दिवसांवर आला तेव्हा तेजू वहीत लिहून बोलत होती. एकदा तिनं तोंड उघडलं, मान ताणली, गळ्याच्या शिरा वर आल्या आणि काहीच आलं नाही. मग ती हसली, बिनआवाजाची. ते हसू मी सोळा वर्षांनी पाहिलं. हातातली परात मी ओट्यावर ठेवली.

बोलणं मी देवीकडून मागून आणलं होतं. दिलेलं देवी परत नेत नाही, एवढी माझी श्रद्धा आहे. मग नेत होतं कोण?

५

मी तिच्याजवळ बसले. तिच्या टेबलावर हरसूलचा एक फोटो होता. क्वार्टरची मागची खिडकी आणि गवत.

"कार्यक्रमाचं काय करायचं, बाळा?"

तिनं लिहिलं, 'बोलता नाही आलं तरी चालेल. पण शेवट सापडत नाहीये. बावीस मिनिटं होतात आणि तुटतं. डोंगर वाट बघत थांबलाय असं वाटतं.'

"ह्या मधल्या जागा, त्या माझ्या कहाणीच्या ना?"

तिनं जोरात मान हलवली. तिला वाटलं होतं मला कळणारच नाही. केवढी खुशी तिच्या तोंडावर!

"आणि तो हूं? तुझा लहानपणचा?"

तिनं वही पुढे ओढली. मग सावकाश लिहिलं. 'माझा कुठे, आई? मी तर नुसती ऐकायचे. हूं खिडकीतून यायचा. मला वाटायचं सगळ्यांच्या घरी डोंगरच हुंकार देतो.'

मी वही मिटली.

एक गोष्ट मी कुठल्याच हळदीकुंकवात सांगितलेली नाही. एकविसाव्या शुक्रवारी आमचा टेम्पो आला होता. घर रिकामं झालेलं. मागच्या खोलीत पाट, समई आणि नैवेद्याचं ताट तेवढं राहिलं होतं. मी डोळे मिटून भराभर कहाणी सांगत होते. हुंकार येत होता. बाहेरून हॉर्न वाजला आणि पाठोपाठ बाहेरूनच, खिदळल्यासारखी टाळी वाजली. छोट्या हातांची. माझी मांडी मला हलकी लागली.

डोळे उघडले. मांडीवर तेजू नव्हती. समोरच्या दारातून टेम्पो दिसत होता, आणि टेम्पोत ह्यांच्या जवळ तेजू.

शेवटचं एक वाक्य राहिलं होतं. मी थांबले होते, म्हणून असेल, माझ्या पाठीमागून, खिडकीपाशी, "हूं?"

मी उठले. ताट तिथेच, समई तिथेच. शेवटचं वाक्य न म्हणता, वाटा न देता, मागे न बघता टेम्पोत चढले. नंतर स्वतःला समजावलं की दवाखान्यातलं एखादं आजारी जनावर असेल. सोळा वर्षं समजावलं.

त्या रात्री जेवताना मी ह्यांना विचारलं, "हरसूल सोडलं त्या दिवशी तेजू तुमच्याजवळ कधीपासून होती हो?"

"सकाळपासून. टेम्पोवाल्या बारकूनं तिला स्टिअरिंगवर बसवलं होतं, उतरायलाच तयार नव्हती. तू मात्र आत अर्धा तास काय करत होतीस कोण जाणे."

"कहाणी सांगत होते."

"कुणाला?" ह्यांनी वरणाची वाटी पुढे करत विचारलं.

६

दोन दिवस मी देवापुढे बसून विचार केला. कहाणी पुरी केली नाही तर ऐकणारं ताटकळत राहणार, आणि तेजूचा गळा त्याच्यासोबत. पुरी केली तर हुंकार देणाऱ्याला निम्मं फळ. माझ्या व्रताचं फळ काय होतं? माझ्या लेकीचं बोलणं. त्याचं निम्मं म्हणजे काय, हे मला कुणी सांगणार नव्हतं.

पण एक खरं. नवव्या शुक्रवारपासून माझ्या कहाणीत ज्यानं एकही हुंकार चुकवला नाही, त्याला मी पाटावरून उठवून लावलं नव्हतं. मीच उठून पळाले होते. चूक माझी होती. आणि चुकीची भरपाई देवी गोड करून घेते, असं मी धरून चालते.

तिसऱ्या दिवशी तेजूला म्हटलं, "शेवटी एक जागा ठेव."

'किती?' तिनं लिहिलं.

मी मनात वाक्य म्हणून पाहिलं. "एका श्वासात मावेल एवढी. आणि त्यानंतर आणखी थोडी. घाई नको."

तिनं रेघांच्या शेवटी सपाट पट्टी ठेवली. ऐकलं, आणि माझ्या खांद्यावर डोकं टेकलं. शेवट सापडला होता. माझी लेक एवढ्या मोठ्या लोकांसमोर जाणार होती आणि शेवटची जागा तिनं मला दिली होती. भीती होतीच, पण छाती भरून आली होती हेही खरं.

७

कार्यक्रम रविवारी सकाळी दहाला होता. मी ठेवणीतली हिरवी पैठणी नेसले. पर्समध्ये स्टीलची डबी, डबीत दूध-साखरेत कालवलेल्या पोळीचा नैवेद्य. ह्यांनी डबी पाहिली. "मध्यंतरात खायला?" मी हो म्हटलं.

आम्ही तिसऱ्या रांगेत बसलो. माझ्या डाव्या हाताला हे. उजव्या हाताची खुर्ची लताबाईंसाठी धरली होती, पण त्या आल्या नाहीत. त्या सभागृहातल्या खुर्च्या घडीच्या; कुणी उठलं की बैठक खटकन वर जाऊन पाठीला लागते.

तेजू स्टेजवर आली. निवेदकानं सांगितलं की घसा बसल्यामुळे ती बोलणार नाही. तिनं नमस्कार केला. दिवे मंदावले.

काय सांगू तुम्हाला! हरसूल आलं. गवत आलं, लाकडी घंटा आल्या, सकाळचं धुकं डोंगरावरून खिडकीत उतरलं. दीडशे माणसं, पण कुणी खोकलंसुद्धा नाही. ह्यांनी माझा हात धरला. चारचौघांत, लग्नानंतर पहिल्यांदा. मी प्रत्येक जागेत ओठांतल्या ओठांत वाक्य म्हणत होते आणि समोरच्या मोठ्या स्पीकरमधून हुंकार येत होता.

निम्मी कहाणी झाली असेल. उजव्या बाजूनं गार वाटलं, ओल्या गवतासारखा वास आला. आणि पुढचा हुंकार स्पीकरमधून आला नाही.

मी मान वळवली नाही. नुसती नजर खाली नेली. शेजारच्या खुर्चीची बैठक खाली होती. उघडी, सपाट, कुणी बसल्यासारखी. मध्यभागी कापड जरासं दबलेलं. फार नाही. लहान मुलाचं वजन असावं एवढंच.

मी डबी काढली, झाकण सैल केलं आणि त्या बैठकीवर ठेवली. स्टेजवर तेजूनं मान वर केली. शेवटची जागा आली होती.

मी म्हटलं. ओठांत नाही, आवाजात. "जशी माळणीची कळी उमलली, तशी तुमची आमची उमलो. ही कहाणी सुफळ संपूर्ण."

पुढच्या रांगेतली दोन डोकी वळली. मग उजवीकडून, अगदी माझ्या कोपरापाशी, तृप्त झाल्यासारखं, "हूं."

दिवे लागले. टाळ्यांचा एवढा कडकडाट झाला की खुर्चीची बैठक वर जाताना वाजली की नाही ते कळलं नाही. पाहिलं तेव्हा ती वर होती आणि डबी माझ्या मांडीवर. हलकी लागली. मी उघडून पाहिली नाही. घरी आल्यावर तशीच धुतली.

आणि टाळ्या थांबता थांबता तेजूनं माइक हातात घेतला. घसा खाकरला. सगळ्या सभागृहाला ऐकू गेलं.

"आई," ती म्हणाली, "ऊठ ना. लोकांना बघू दे तुला."

मी उभी राहिले. माझ्या लेकीचा आवाज खणखणीत होता.

८

पुढे तेजू पुण्याला गेली. रोज फोन करते, इतकं बोलते की हे म्हणतात, व्रत जरा कमी करायला हवं होतं. त्या दिवशीच्या कार्यक्रमाची सीडी संस्थेनं पाठवली, ती मी येईल त्याला ऐकवते. अँबियंट म्हणतात याला, हेही सांगते.

चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला लताबाई आल्या. या खेपेला त्या शेवटपर्यंत गप्प बसून राहिल्या. संगीत थांबलं, रिकाम्या जागेत माझं वाक्य बारीक ऐकू आलं, मग तो हुंकार. नेहमीसारखी मी बटण बंद करायला उठले.

"थांबा हो, अजून आहे ना शेवटी," लताबाई म्हणाल्या. "परवा तुम्ही चहा करायला आत गेलात तेव्हा ऐकलं मी. ते तर गोड आहे सगळ्यात. लहानपणीचा तेजूचा आवाज टाकलाय, 'आई, पुढं?' म्हणते तो. कुठे जपून ठेवली होतीत एवढी जुनी कॅसेट?"

मी सीडी मागे घेऊन पुन्हा लावली. माझं वाक्य. हुंकार. आणि मग, मी कधीही न ऐकलेला, तीन-साडेतीन वर्षांच्या पोरीचा बोबडा आवाज. त्या वयाची तेजू एक अक्षर बोलत नव्हती. आमच्या घरी कॅसेट करायचं यंत्रही नव्हतं.

"आई, पुढं?"

बायका माझ्याकडे बघत होत्या. हातातली कुंकवाची कोयरी मी ताटात ठेवली. निम्मं म्हणजे काय ते आता मला कळलं होतं: तेजूचे न बोललेले लहानपणीचे बोल त्याच्या वाट्याला गेले होते. आणि त्या आवाजात तेजूचाच गोडवा होता. मान ताठ करून मी म्हटलं, "हो. आमचीच आहे ती."

सगळ्या गेल्यावर मी मागच्या खोलीची खिडकी उघडून ठेवली. तिथून डोंगर दिसत नाही, शेजारच्या इमारतीची भिंत दिसते. पुढचा शुक्रवार यायला चार दिवस होते. माहेरच्या कहाण्या मला आणखी सात पाठ आहेत. मी नैवेद्याच्या दोन वाट्या घासून पालथ्या घातल्या.